हजार बायकांचं इस्ट्रोजेन आणि कोयनेतलं एक पोतं

दिवस भरत आलेल्या एका गरोदर बाईच्या शरीरात एका दिवसात जेवढं इस्ट्रोजेन तयार होतं, तेवढं तयार करायचं तर पाळी नियमित येणाऱ्या १,००० बायकांच्या बीजकोशांना तो अख्खा दिवस कामाला जुंपावं लागेल. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘विल्यम्स’ या प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा अंदाज दिलेला आहे. त्याला जोडून दुसरा अंदाज आहे: एका गर्भारपणात जेवढं इस्ट्रोजेन बनतं, तेवढं बनवायला गरोदर नसलेल्या बाईला १५० हून जास्त वर्षं लागतील. म्हणजे पणजी, आजी, आई यांच्या साऱ्या पाळ्यांचा साठा जमवला तरी हिशेब अपुराच पडायचा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर ०.१ मिलिमीटर व्यासाच्या एका पेशीसाठी. फलित बीजाचं वजन काढलं तर ते अर्धा मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग. जन्माला येताना बाळ २.७ किलोचं असेल तर वजन सुमारे ५२० कोटी पटींनी वाढलेलं असतं. दुपटीच्या भाषेत सांगायचं तर ३२ वेळा दुप्पट, तेही ३८ आठवड्यांत. ही वाढ एका चालीने होत नाही. सुरुवातीच्या दुपटी भराभर होतात आणि शेवटच्या एका दुपटीला दोन महिने लागतात. कुठे वेग धरायचा, कुठे आवरायचा, कुठला अवयव आधी आणि कुठला मागून, हे ठरवण्यात आईची, बाळाची आणि दोघांच्या मधल्या वारेची हॉर्मोनं असतात. त्यांच्या प्रमाणाचे आकडे दोन टोकांचे आहेत. काही हॉर्मोनं ग्रॅमने मोजावी लागतात, तर काही ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाने. माझं म्हणणं एवढंच की आपण डोळे विस्फारतो ते पहिल्या टोकाकडे पाहून, आणि बाळाच्या मेंदूचं नशीब बरंचसं ठरतं ते दुसऱ्या टोकाला.

पहिला आकडा बहुतेक घरांत माहीत असतो, फक्त त्याला कोणी आकडा म्हणत नाही. पाळी चुकल्यावर पट्टीवर दोन रेघा उमटतात, ती खूण एचसीजी या हॉर्मोनची. गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागलेला गर्भ ते सोडू लागतो. घरगुती पट्ट्यांना साधारण २५ युनिट ओळखता येतात. मोजमाप असतं मिलिलिटरमागे मिली-युनिट. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी याच हॉर्मोनवर पहिली भरवशाची चाचणी बसवली, तेव्हा लघवी टोचायला वयात न आलेल्या उंदरिणी लागत आणि उत्तर यायला दिवस जात. आज काम काही मिनिटांत होतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी साधारण ४८ तासांत दुप्पट होतं. २५ पासून निघालं की १२ दुपटींत ते १ लाखापार जातं, आणि खरोखरच आठव्या ते अकराव्या आठवड्यांच्या दरम्यान बऱ्याच बायकांत त्याची पातळी लाखाच्या घरात पोचते. मग ती उतरते. समजा उतरली नसती, प्रसूतीपर्यंत दर दोन दिवसांनी दुप्पटच होत राहिली असती तर? अजून सुमारे ११४ दुपटी. कागदावर मांडून पाहिलं तर त्या एका हॉर्मोनचं वजन लाखभर पृथ्व्यांइतकं भरतं. हिशेब गमतीचा आहे, पण त्यात गर्भारपणाचा एक गाभ्याचा नियम दिसतो: इथे वाढवण्याइतकंच थांबवण्याला महत्त्व आहे. एचसीजीचं मुख्य काम म्हणजे बीजकोशातल्या पीतपिंडाला जिवंत ठेवणं, कारण गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन सुरुवातीला तिथे बनतं. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमाराला वार ते काम आपल्या हाती घेते आणि पीतपिंडाची गरज संपते. मासिक चक्राच्या उत्तरार्धात बीजकोश दिवसाला सुमारे २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन बनवतो. अखेरच्या महिन्यांत वार बनवते २५० ते ३०० मिलिग्रॅम.

वार हा आपल्याकडे सर्वांत उपेक्षित अवयव. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे, आणि वार नीट पडली का एवढंच दाई किंवा नर्स बघणार. अर्धा किलोचा हा तात्पुरता अवयव आईच्या रक्ताशी भिडतो तो पृष्ठभाग उलगडला तर १२ चौरस मीटरच्या आसपास भरतो. दिवस भरत आल्यावर गर्भाशयाकडे मिनिटाला ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं. दिवसाचे झाले साडेआठशेहून जास्त लिटर. आणि ही वार अंतःस्रावी ग्रंथीही आहे, तीही अशी की तिच्यापुढे बाकीच्या ग्रंथींनी हात टेकावेत. ती बनवते ते प्लासेंटल लॅक्टोजेन अखेरीस दिवसाला १ ग्रॅमच्या घरात असतं. माणसाच्या शरीरात एवढ्या प्रमाणात दुसरं कुठलंच हॉर्मोन बनत नाही. वाढीसाठी प्रसिद्ध असलेलं ग्रोथ हॉर्मोन पिट्युटरी ग्रंथी दिवसाला जेमतेम मिलिग्रॅमभर, कधी त्याहूनही कमी सोडते. म्हणजे वारेचा माल हजार पट.

आता त्या हजार बायकांच्या इस्ट्रोजेनकडे परत येतो, कारण ते बनतं कसं ही गोष्ट आकड्याहून सुरस आहे. वार एकटीने ते बनवूच शकत नाही. तिच्याकडे त्यासाठी लागणारा एक टप्पाच नाही. कच्चा माल येतो बाळाकडून. गर्भाच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी जन्माच्या वेळी वजनाने जवळजवळ मोठ्या माणसाच्या ग्रंथींएवढ्याच असतात. शरीराच्या मानाने पाहिलं तर दहा-वीस पट मोठ्या. मोठा माणूस विश्रांतीत असताना दिवसाला ३०-४० मिलिग्रॅम स्टेरॉइड बनवतो. पोटातलं तीन किलोचं बाळ अखेरीस १०० ते २०० मिलिग्रॅम बनवतं. हा माल बाळाच्या यकृतातून फिरून वारेत येतो, तिथे त्याचं एस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन होतं आणि ते आईच्या रक्तात, मग लघवीत उतरतं. आईच्या एस्ट्रिऑलमधला ९० टक्के वाटा मुळात बाळाचा. म्हणून १९६० आणि ७०च्या दशकांत, सोनोग्राफी घरोघरी पोचण्यापूर्वी, डॉक्टर आईची २४ तासांची लघवी साठवून त्यात एस्ट्रिऑल मोजत आणि बाळाची खुशाली ओळखत. जन्मानंतर त्या अवाढव्य ग्रंथींचा मोठा भाग काही आठवड्यांत विरघळून जातो.

यापुढची गोष्ट कळली की सुरुवातीच्या आकड्याचा तोरा उतरतो. काही मुलग्यांच्या बाबतीत वारेत सल्फटेज नावाचं एक विकर नसतं. दर २,००० ते ६,००० मुलग्यांमागे एखादा, असं हे प्रमाण आहे. त्या विकरावाचून बाळाचा कच्चा माल वारेला वापरताच येत नाही आणि आईचं एस्ट्रिऑल नगण्य पातळीवर राहतं. तरीही गर्भारपण बहुधा पूर्ण होतं. कळा सुरू व्हायला उशीर होऊ शकतो, मुलाला पुढे कातडी खवल्यांसारखी होण्याचा त्रास होतो. पण बाळ वाढतं, जन्मतं, जगतं. हजार बायकांएवढ्या साठ्यातला बहुतेक भाग नसला तरी काम भागतं!

मोठ्या आकड्याने खुद्द डॉक्टर फसले त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. डाइएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली इंग्लंडमध्ये तयार झालं. गर्भ पडतो तेव्हा हॉर्मोनं कमी दिसतात, मग बाहेरून द्या, असा साधा तर्क लढवून ते गरोदर बायकांना दिलं जाऊ लागलं. शिकागोमध्ये डिकमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० बायकांवर नीट चाचणी केली आणि १९५३ मध्ये सांगितलं की उपयोग शून्य. तरी औषध आणखी १८ वर्षं लिहून दिलं जात राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या हर्ब्स्ट यांनी तरुण मुलींमधल्या योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या ८ केसेस तपासल्या. त्यांतल्या ७ जणींच्या आयांनी गरोदरपणात हेच औषध घेतलं होतं. तोपर्यंत एकट्या अमेरिकेत आया आणि मुलं मिळून ५० लाख ते १ कोटी लोक त्याच्या संपर्कात आले होते. हॉर्मोन कमी असणं हा गर्भ बिघडल्याचा परिणाम होता, कारण नव्हतं. उलटं वाचल्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

लॅक्टोजेनच्या त्या एका ग्रॅमचं काय? तो मात्र आपल्या दारापर्यंत येतो. आईच्या शरीराला इन्सुलिनचं ऐकू न देणं हे वारेच्या हॉर्मोनांचं एक काम. अखेरच्या तिमाहीत आईच्या ऊतींची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटते. हेतू सरळ आहे: आईच्या स्नायूंनी साखर उचलू नये, ती रक्तात फिरत राहावी आणि वारेतून बाळाकडे जावी. आईचं स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. ज्यांचं स्वादुपिंड इतकं ताणलं जात नाही त्यांना गर्भारपणातला मधुमेह होतो. यातली मेख अशी की साखर वार ओलांडते, आईचं इन्सुलिन ओलांडत नाही. जास्तीची साखर बाळाच्या दारात येऊन पडते आणि तिला तोंड द्यायला बाळालाच स्वतःचं इन्सुलिन वाढवावं लागतं. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचं आणि चरबी साठवण्याचं हॉर्मोन आहे. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही साखळी मांडली आणि ती आजही टिकून आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच साखळीचं देशी रूप शोधलं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत त्यांनी अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या आया सरासरी ४२ किलोच्या, उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो, म्हणजे आपली बाळं ८०० ग्रॅमने हलकी. आता हलकं बाळ म्हणजे हडकुळं बाळ, असं कोणीही म्हणेल. पण मोजपट्टी आणि चिमटा लावून बघितल्यावर भलतंच निघालं. पोटाचा घेर, स्नायू, आतले अवयव यांत आपली बाळं खूप मागे होती. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केलेल्या दुसऱ्या अभ्यासात पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिन हे चरबीतलं हॉर्मोन वजनाच्या मानाने चढं सापडलं. जगात ही बाळं ‘थिन-फॅट’ म्हणून ओळखली जातात: दिसायला किडकिडीत, आतून चरबीवाली.

याज्ञिक यांनी पुढे ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. शास्त्रज्ञाने स्वतःच्या पोटाची आकडेवारी जगापुढे ठेवावी, हे मला त्या संशोधनाइतकंच आवडतं. त्याच ६ गावांतल्या नोंदींतून आणखी एक साधी गोष्ट पुढे आली: गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः मोठी होती. नुसत्या उष्मांकांशी असा संबंध दिसला नाही. आणि ज्यांच्या रक्तात फोलेट चढं पण बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली.

वारेचं आणखी एक रूप आहे, पहारेकऱ्याचं. ताणाचं हॉर्मोन म्हणून बदनाम झालेलं कॉर्टिसॉल गर्भारपणात आईच्या रक्तात दुप्पट-तिप्पट होतं. ते जसंच्या तसं बाळाकडे गेलं तर वाढ खुंटेल, कारण कॉर्टिसॉल पेशींना ‘आता विभागणं पुरे, पक्व व्हा’ असा हुकूम देतं. वारेतलं एक विकर त्यातलं ८०-९० टक्के कॉर्टिसॉल वाटेतच निकामी करतं. या पहारेकऱ्याला गुंगवणारा पदार्थ आपल्या घरात असतो: ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसरायझिन हे विकर अडवतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या आवडीने खातात, आणि हेलसिंकीतल्या संशोधकांनी तिथल्या मुलांचा माग ठेवला. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लिसरायझिन पोटात गेलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक बाराव्या-तेराव्या वर्षी सरासरी ७ अंकांनी कमी भरला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. कमी खाणाऱ्या बायका त्यात तुलनेसाठीच धरल्या होत्या, तेव्हा घसा धरला म्हणून कधी एखादी कांडी चघळली तर जीव टांगणीला लावायचं कारण नाही. पण आपल्या मुळीत ग्लिसरायझिनचं प्रमाण त्या गोळ्यांहून बरंच जास्त असतं, त्यामुळे ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून गरोदरपणात रोज काढे आणि चूर्णं घेणं बरं नव्हे.

हेच कॉर्टिसॉल योग्य वेळी मिळालं तर जीव वाचवतं. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रयोग करत होते. गर्भातल्या कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती अपुऱ्या दिवसांची जन्मली, तरी श्वास घेत होती. खरं तर त्या वयाच्या कोकरांची फुप्फुसं उघडायलाच नको होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी २८२ मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. अकाली जन्मलेल्या बाळांत श्वासाचा गंभीर त्रास २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. औषध काय, तर २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं. त्यानंतरही ते सर्वत्र पोचायला वीसेक वर्षं गेली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही अकाली प्रसूतीची भीती असेल तर डेक्सामेथासोन देतात.

आता दुसरं टोक. थायरॉक्सिन.

आईच्या रक्तातल्या थायरॉक्सिनच्या दर ५,००० रेणूंमागे एखादाच मोकळा असतो. बाकीचे प्रथिनांना बांधलेले. काम करतो तो मोकळा. त्याचं प्रमाण मिलिलिटरमागे १० ते २० पिकोग्रॅमच्या आसपास असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग, आणि यातून डोक्यात काही चित्र उभं राहत नाही. म्हणून असं बघा: कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी असतं, जवळपास ३ लाख कोटी लिटर. त्यात ५० किलोचं एक पोतं साखर ओतून सारं पाणी ढवळलं तर लिटरमागे जितकी साखर येईल, साधारण तितकंच हे मोकळं थायरॉक्सिन आईच्या रक्तात असतं. तेवढ्यावर बाळाच्या मेंदूची बांधणी चालते.

बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १२व्या आठवड्यात कामाला लागते आणि तिचं उत्पादन जाणवण्याजोगं व्हायला १६ ते २० आठवडे उजाडतात. तोवरचा सगळा पुरवठा आईचा, तोही वारेच्या पहाऱ्यातून झिरपेल तेवढाच. मेंदूच्या पेशींत शिरलेलं थायरॉक्सिन तिथे अधिक जोरकस रूप घेतं आणि थेट जनुकांची बटणं चालूबंद करतं: कुठल्या पेशीने कुठल्या थरात जाऊन बसायचं, कोणत्या तंतूवर मेदाचं आवरण चढायचं. याच सुमाराला आईचं एचसीजी शिखरावर असतं. त्याची घडण थायरॉइडला चेतवणाऱ्या टीएसएचशी इतकी मिळतीजुळती आहे की ते आईच्या थायरॉइडलाही ढोसतं. दहाव्या आठवड्याच्या आसपास एचसीजी वर जातं तसं टीएसएच खाली उतरतं. म्हणजे पट्टीवर रेघ उमटवणारं हॉर्मोन बाळाच्या मेंदूसाठी कच्च्या मालाचीही तजवीज करत असतं.

या मालाला लागतं आयोडीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. पूर्ण गर्भारपणाचे २८० दिवस धरले तर बेरीज ७० मिलिग्रॅम. ग्रॅमचा चौदावा हिस्सा! तो न मिळाल्याने हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या मुकी-बहिरी, मंदबुद्धी मुलं जन्मत होती. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांत गलगंडाचं प्रमाण कुठे उतरलं ते उघड दिसलं. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला.

थोडीशी कमतरताही नडते का, यावर अजून वाद आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात २५,२१६ गरोदर बायकांच्या साठवलेल्या रक्तातून टीएसएच चढलेल्या ६२ जणी शोधून त्यांच्या मुलांची सात ते नऊ वर्षांची असताना परीक्षा घेतली. १९९९ मध्ये निष्कर्ष आला: उपचार न झालेल्या ४८ आयांची मुलं बुद्ध्यंकात सरासरी ७ अंकांनी मागे. मग ब्रिटन आणि इटलीत जवळपास २२,००० बायकांची तपासणी करून सौम्य कमतरतेवर गोळ्या देऊन पाहिलं. २०१२ मध्ये कळलं की तीन वर्षांच्या मुलांत काही फरक पडला नाही. मात्र तिथे गोळ्या सुरू झाल्या त्या १३व्या आठवड्याच्या सुमाराला. माझ्या मते यातून ‘थायरॉइडने काही बिघडत नाही’ असा अर्थ काढणं घाईचं ठरेल; गाडी सुटून गेल्यावर तिकीट काढलं असणंही शक्य आहे.

आईचं थायरॉक्सिन खरंच बाळापर्यंत पोचतं याचा पुरावा नेदरलँड्समध्ये १९८९ साली मिळाला. स्वतः थायरॉक्सिन बनवूच न शकणाऱ्या बाळांच्या नाळेच्या रक्तात ते सापडलं, नेहमीच्या पातळीच्या पाव ते निम्मं. ते आईचंच असणार. म्हणूनच अशी बाळं जन्मतः बहुधा चांगली दिसतात. नाळ कापली की तो पुरवठा तुटतो, आणि मग दिवस मोजावे लागतात. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन दोन आठवड्यांत निदान आणि गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं. भारतात हजार-अकराशे जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो.

मेंदूचा विषय आहे तर त्या प्रसिद्ध आकड्याचीही झाडाझडती घेऊ. गर्भात मिनिटाला अडीच लाख न्यूरॉन तयार होतात, असं सगळीकडे छापून येतं. १९७९ मध्ये मॅक्सवेल कोवन यांनी तो मांडला: १०० अब्ज न्यूरॉन भागिले नऊ महिन्यांची मिनिटं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या चमूने मोजदाद करून एकूण संख्या ८६ अब्जांवर आणली. त्यातले ६९ अब्ज लहान मेंदूत असतात आणि त्यांतले पुष्कळसे जन्मानंतर पहिल्या वर्षात तयार होतात. म्हणजे भागाकाराचे दोन्ही आकडे डळमळीत. विचार-भाषेचं काम करणाऱ्या मेंदूच्या सालीतले न्यूरॉन १६ अब्ज, आणि ते मुख्यतः सातव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यांत बनतात. हा भागाकार केला तर मिनिटाला सुमारे ८०,०००, सेकंदाला १,३००. पुढे मरून जाणाऱ्या पेशी यात धरलेल्या नाहीत. आकडा लहान झाला, पण त्यातला पहिला मोठा टप्पा आईच्या थायरॉक्सिनवरच पार पडतो, हे अधिक ठळक झालं.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक लाट येते. आठव्या आठवड्यापासून वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास, अंगठ्याएवढ्या-मुठीएवढ्या त्या जिवात त्याची पातळी मोठ्या पुरुषाच्या जवळ जाते. शरीराची घडण त्यावर ठरते हे पक्कं. स्वभाव, आवडीनिवडी किती ठरतात यावर मात्र प्राण्यांतून माणसांवर उड्या मारून बरंच लिहिलं गेलं आहे. त्यातलं थोडंच टिकण्याजोगं आहे.

घरात गर्भसंस्काराची गाणी लावायची असतील तर खुशाल लावा, आईला बरं वाटतं. बाळाला ऐकू यायला लागतं ते साधारण सहाव्या महिन्यात. त्याच्या कितीतरी आधी करायची कामं वेगळी आहेत. मीठ आयोडीनयुक्त घ्या. उपवासाचं सैंधव रोजच्या स्वयंपाकात नको, त्यात आयोडीन नसल्यातच जमा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर पाळी चुकल्या चुकल्या डॉक्टरांना कळवा, कारण मात्रा बहुधा लगेच पाव हिश्श्याने किंवा थोडी जास्त वाढवावी लागते. नोंदणीच्या तारखेची वाट बघू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. १४० किंवा त्याहून वर आलं तर ‘गोड कमी करीन’ म्हणून घरी बसू नका. आणि बाळ झाल्यावर पेढे वाटण्याच्या गडबडीत, ४८ तासांनंतर बाळाच्या टाचेतून थायरॉइडच्या चाचणीचा थेंब घेतला का, एवढं दवाखान्यात नक्की विचारा.